मदत हवी आहे: लोहाच्या आयनाचा प्रभार अपूर्णांकात कसा येतो?

दहावीची_आई: मुलीची उद्या चाचणी आहे, तेव्हा कृपया लवकर उत्तर द्यावे. ऑक्सिजनचा प्रभार उणे 2 धरून लोहाचा प्रभार काढला, तर तो प्रत्येक वेळी अपूर्णांकात येतो. अणू अर्धामुर्धा इलेक्ट्रॉन कसा देईल? आमची रीत कुठे चुकते?

सह्यकडा: संयुग कोणते, ते आपण लिहिलेच नाही. लोहाची ऑक्साइडे एकाहून अधिक आहेत, त्यामुळे सूत्र कळल्याशिवाय रीत तपासता येणार नाही.

जुना_फळा: सूत्राची वाट कशाला पाहायची? परिवर्ती संयुजेचा, म्हणजे एकाच धातूच्या आयनांवर येणाऱ्या वेगवेगळ्या प्रभारांचा, तक्ता तोंडपाठ करून घ्या: लोहाचे फेरस 2, फेरिक 3; तांब्याचे क्युप्रस 1, क्युप्रिक 2. माझे विद्यार्थी यावर कधी अडले नाहीत.

चुंबकसुई: पाठांतराने आकडा लक्षात राहतो, कारण कळत नाही. सोडिअमच्या बाहेरच्या कवचातला एकुलता इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला सुमारे 496 किलोज्यूल ऊर्जा लागते, पण पुढचा आतल्या भरलेल्या कवचातून ओढावा लागत असल्याने सुमारे 4562 लागते. म्हणून सोडिअम धन 1 वरच थांबतो. लोहाच्या तिसऱ्या इलेक्ट्रॉनला सुमारे 2957 पुरते, आणि ऑक्साइडाचा स्फटिक जुळताना मिळणारी ऊर्जा तेवढा खर्च भरून काढू शकते.

जुना_फळा: हे आकडे दहावीच्या चाचणीत कोणीही विचारत नाही.

रंगद्रव: फेरस की फेरिक हे ओळखायचे असेल, तर द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड घालावे. हिरवट साका आला तर फेरस, तांबूस तपकिरी आला तर फेरिक.

दहावीची_आई: साक्याविषयी मी विचारलेले नाही. संयुग मॅग्नेटाइट आहे. लोहाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार, म्हणून 8 भागिले 3.

सह्यकडा: मग आपली बेरीज अचूक आहे, तिन्ही आयन सारखे आहेत, हे गृहीतक तेवढे चुकले. मॅग्नेटाइटमध्ये दोन फेरिक आणि एक फेरस आयन असतो: 3, 3 आणि 2 मिळून 8. अपूर्णांक ही केवळ सरासरी आहे.

चुंबकसुई: मात्र हीच फोड सगळीकडे लावू नये. शेंदुरातही शिशाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात, पण शिशाची संयुजा 2 किंवा 4 असल्यामुळे तेथे 2, 2 आणि 4 असे धरावे लागते. येथे जुना_फळा यांचा तक्ता खरोखर हवा.

दहावीची_आई: 2 आणि 3 यांतून तीन आयनांची बेरीज 8 होईल अशी फोड एकच निघते, हे तिने आता स्वतः मांडून पाहिले. शेंदराचे उदाहरणही वहीत उतरवून घेतले आहे.