सरासरीच्या आकड्यापलीकडे

अमेरिकी बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरील स्पर्धेत) सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या दर संधीमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण, .३०० च्या वर गेली की तरुण फलंदाजाला लगेच मेजर लीगमध्ये (सर्वोच्च स्तरावर) बोलवावे, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. उदाहरणार्थ, मायनर लीगमधील आल्बुकर्की (अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्य) येथील मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर असल्याने तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो, शिवाय कर्व्हबॉलही (फिरकी देऊन टाकलेला, हवेत वळणारा चेंडू) कमी वळतो. त्यामुळे तेथे फलंदाजांचे आकडे फुगतात. म्हणून सरासरीऐवजी, स्ट्राइक झोनबाहेरचा (फलंदाजाने खेळायला हवा अशा टप्प्याबाहेरचा) चेंडू तरुण फलंदाज सोडतो का, हे मी आधी पाहीन. अर्थात, पहिल्या अपयशावरूनही निकाल देऊ नये: २०१६ मध्ये मेजर लीगमधील यांकीज संघाच्या आरॉन जज या फलंदाजाची सरासरी .१७९ होती आणि ८४ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या संधींमध्ये) तो ४२ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला होता, पण हिवाळ्यात स्विंगवर मेहनत घेऊन त्याने २०१७ मध्ये ५२ होम रन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर टोलावणारे फटके) मारले.