काळा टी-शर्ट म्हणजे कायदा नव्हे

गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमांत बाउन्सर, म्हणजे गर्दी आवरायला ठेवलेले रक्षक, अरेरावी करतात, प्रेक्षकांना ढकलतात अशा बऱ्याच तक्रारी येतात; त्याबद्दल थोडं. 'सिक्युरिटीने ढकललं' म्हणताना तो पोलीस होता की खासगी माणूस, हे आधी पाहा. खासगी रक्षकांना खासगी सुरक्षा एजन्सींबद्दलचा 2005चा कायदा लागू आहे. पोलिसांचे अधिकार त्यांना नसतात. फोटोचं ओळखपत्र कमरेच्या वर, बाहेरच्या कपड्यावर दिसेल असं लावायचं असतं. केंद्राच्या नमुना नियमांत 160 तासांचं प्रशिक्षण आहे: 100 वर्गात, 60 प्रत्यक्ष. एका रात्रीपुरती गोळा केलेली पोरं त्यात बसतात का, ते वागण्यावरून कळतंच.

खरी गोची स्टेजसमोरच्या कठड्याशी. तिथल्या रक्षकाने स्टेजकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. कठड्याला आतून पायरी असते. तिच्यावर चढून दोघांनी चेंगरणाऱ्याला काखेत हात घालून उचलायचं आणि बाजूच्या वाटेने बाहेर काढायचं. गाण्यात रमलेला रक्षक तिथे शोभेचा. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की पुढच्याला मनात असूनही मागे सरकता येत नाही, त्यामुळे त्याच्या छातीवर हात ठेवून रेटणं हा शुद्ध अडाणीपणा. जागा मागून मोकळी करावी लागते, तीही वायरलेसवर सांगून.

गेटवर बाटल्या काढून घेता, तर आत फुकट पाणी हवंच. बाईची झडती बाईनेच घ्यायची, यावर वाद नको.

तक्रार करताना वेळ, गेट क्रमांक आणि एजन्सीचं नाव लिहा. नुसतं 'एक जाडा बाउन्सर' लिहिलं तर आयोजक हात वर करतात.