गाडीतला आवाज: ब्लूटूथ, पेनड्राइव्ह की वायर? अनुभव येऊ द्या

मंडळी, घरी हेडफोनवर झकास वाटणारं गाणं गाडीत ब्लूटूथवर लावलं की पोकळ का वाटतं, आणि त्यावर तुम्ही काय केलंत, ते इथे लिहा. ‘अमुक ब्रँड भारी’ एवढंच नको. काय बदललं नि कानाला काय फरक पडला, ते हवं.

सुरुवात मी करतो. साताऱ्यात राहतो, गाडी जुनी हॅचबॅक, डेक कंपनीचाच. तो ब्लूटूथवर फक्त एसबीसी घेतो. ही गाणं दाबून (म्हणजे डेटा कमी करून) पाठवायची किमान पद्धत, सगळ्यांत असतेच. तिची नेहमीची वरची मर्यादा सेकंदाला 328 किलोबिटच्या आसपास. सीडीचा आकडा 1411. शिवाय ॲपवरचं गाणं बहुधा आधीच दाबलेलं असतं, ते पुन्हा दाबलं जातं. तेच गाणं फ्लॅकमध्ये (काही न गमावता साठवलेली फाइल) मिळवून पेनड्राइव्हवर टाकलं, तर झांजेचा ठोका सुटा ऐकू आला. पण हे यवतेश्वरला गाडी बंद करून बसल्यावर. हायवेला लागलो की टायरच्या घरघरीत दोन्ही सारखेच.

मिरजकर
आमच्या घरात तंबोरे बनतात, त्यामुळे माझी परीक्षा तंबोऱ्याचीच. इंजिन बंद ठेवून ऐकलं. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार (‘ग’चा सूर) ब्लूटूथवरही सापडतो. मार खाते ती जवारी. घोडीवर तार घासून जी झणझण उठते ती सपाट होते, जणू घोडीवरचा, तारेखालचा दोरा कुणी सरकवला. इंजिन सुरू केलं की उलटं: झणझण थोडी तरी राहते, खर्ज मात्र इंजिनच्या घुमण्यात बुडतो. आणि खरं सांगू का, यूट्यूबवरचं जुनं, कमी दर्जाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकून काही होत नाही. मुळात नाही ते वायरीतून कुठनं येणार?

कराडचा वायरमन
ऑक्सवर (फोन वायरनं डेकला जोडतो ती) ‘कुंईऽऽ’ असा आवाज यायचा, ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा. स्टिरिओवाल्यानं थेट अँप्लिफायर बदला म्हणून सांगितलं. मी फोनचा चार्जर काढला, आवाज गायब! फोन गाडीतूनच चार्ज होतोय नि ऑक्सही डेकला, म्हणजे अर्थिंगला दोन वाटा. ऑल्टरनेटरची (गाडीची वीज बनवतो तो) कुरकुर त्यातनं गाण्यात शिरते. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (ही दुसरी वाट तोडणारी छोटी डबी) घातला, काम झालं. चांगला घ्या पण, अगदी फालतू घेतला तर बास जातो.

विश्रामबाग
माझ्याकडे वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनची ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणतं ते) आहे. त्यात गाणी वायफायवरून जातात, ब्लूटूथ सुरुवातीच्या जोडणीला नि कॉलला. म्हणजे फोनमध्ये ब्लूटूथचा कोडेक (एसबीसीसारखी गाणं दाबायची पद्धत) बदलून इथे काही फरक पडायचा नाही. मला तरी ब्लूटूथपेक्षा मोकळं वाटतं.

इस्लामपूर हायवे
तुम्ही सगळे कोडेकवर भांडताय, दार कुणी उघडलंय का? मी दाराचं पॅड काढलं. आत पत्रा पातळ, मधे हात जाईल एवढी भोकं. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतनं पुढे येतो नि पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, बास तिथंच मरतो. पत्र्याला ब्युटाइलचं (रबरासारखं) थरथर मारणारं डँपिंग शीट चिकटवलं, भोकं बंद केली, खालची पाणी निचरायची छिद्रं तेवढी सोडली. (ती बुजवलीत तर पावसाळ्यात दार सडेल.) स्पीकर तेच जुने, पण तबल्याचा डग्गा आता छातीत लागतो. जुन्या पत्र्यासारखं वाजणारं दारही आता ‘ठप्प’ करून बंद होतं. माझ्या मते पहिला खर्च इथेच करावा, डेक नंतर.

माहुलीकर
आमच्या अण्णांना सगळं गाणं ढणढण वाटतं. त्यांनी बास शून्यावर आणून ठेवला, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटतो तो) पूर्ण पुढे. आता कीर्तनातला शब्द न शब्द कळतो. मागे बसलेल्या पोरांची कुरकुर चालू आहे.

धागाकर्ता
@इस्लामपूर, शीट फक्त दाराच्या बाहेरच्या पत्र्याला लावलं की आतल्यालाही? आणि खिडकीची काच खाली जाताना अडकत नाही ना?

इस्लामपूर हायवे
दोन्हींना. आतल्या पत्र्याची भोकं त्याच शीटनं बंद होतात. काच पूर्ण खाली घेऊन बघा, कुठं घासत नाही ना, मगच पॅड बसवा. क्लिपा तुटतात, आधीच चार जास्तीच्या आणून ठेवा.