द सीकर्सची १९६७ ची जुनी चित्रफीत पाहिली... तुमच्याही आठवणी लिहा

शेवंती

काल रात्री ओटा आवरून बसले तर लेकाने टीव्हीवर काहीतरी लावून ठेवलेलं. "आई, हे आजोबांच्या रेकॉर्डवालं ना?" बघते तर द सीकर्स, साठच्या दशकातला तो ऑस्ट्रेलियन गाण्यांचा गट! १२ मार्च १९६७, मेलबर्नचं सिडनी मायर म्युझिक बोल, म्हणजे हिरवळीवरचं खुलं प्रेक्षागृह. चौघं स्टेजवर. अ‍ॅथॉल गाय त्याच्या त्या जाड काळ्या फ्रेमच्या चष्म्यात, माणसाहून उंच डबल बास धरून. कीथ पॉटगर आणि ब्रूस वुडली गिटार घेऊन. मध्ये गायिका जुडिथ डरहॅम. आणि समोर दोन लाखांवर माणसं. तेव्हा अख्खं मेलबर्न वीस लाखांच्या आसपासचं, म्हणजे दहातला एक माणूस तिथे उभा होता.

मी गेली अकरा वर्षं याच शहरात राहते. त्या हिरवळीवर बसून डबा खाल्लाय. पण कालपर्यंत हे सगळं तिथे झालंय हे कधी जोडून पाहिलंच नव्हतं.

बाबा गोदीत नोकरीला होते. इंग्रजी कामापुरतं. त्यांच्याकडे इंग्रजी गाण्यांची एकच रेकॉर्ड, सीकर्सची. रविवारी आई मटणाचं वाटण करायला बसली की बाबा रेकॉर्ड लावणार. 'द कार्निव्हल इज ओव्हर'मध्ये एके ठिकाणी चरा होता, पिन तिथे अडकून तोच शब्द पुन्हा पुन्हा. मग बाबा पिनेच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं ठेवायचे, तेवढ्या वजनाने पिन पुढे सरकायची. ते नाणं प्लेअरच्या कडेलाच असायचं, त्याला हात लावायचा नाही.

काल टीव्हीवर तेच गाणं लागलं. ती जागा जवळ आली तशी मी सोफ्यावर पुढे सरकून बसले, श्वास धरून. आणि जुडिथ सरळ गात पुढे गेली. ती ओळ सलग ऐकली ती आयुष्यात पहिल्यांदा. लेक विचारतोय, आई रडतेस का.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही सीकर्स कुठे ऐकलेत, कुणी ऐकवले? लिहा ना.

गोदाकाठ

जॉर्जी गर्ल!!! सुरुवातीची ती शिट्टी! आमचा मोठा दादा अंगणात सायकल पुसताना हीच शिट्टी वाजवायचा. आई म्हणायची तिन्हीसांजेला शिट्टी वाजवू नको, साप येतो. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

पाटाचं पाणी

कार्निव्हलची चाल मूळची रशियन आहे, माहितीये का? मी ८४ साली मॉस्कोला शिकायला गेलो. पहिल्याच हिवाळ्यात होस्टेलवर कुणाचा तरी वाढदिवस होता, सगळे टेबलाभोवती बसलेले. एकाने सुरुवात केली आणि बघता बघता सगळे गायला लागले. मी चमकलो. अरे, हे तर आपल्या घरचं गाणं! मी इंग्रजीत सुरू केलं तर ते चमकले. त्यांचं गाणं स्तेन्का राझिनचं. हा कोसॅकांचा बंडखोर सरदार. एका पर्शियन राजकन्येला पळवून आणतो, साथीदार कुरकुरतात की बाईपायी आमचा सरदार मऊ पडला. तेव्हा हा गडी तिला उचलून भर व्होल्गात फेकून देतो. त्या चालीवर टॉम स्प्रिंगफील्डने निरोपाचं इतकं हळवं गाणं लिहिलं आणि १९६५ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या रात्री आम्ही एक कडवं त्यांचं, एक माझं असं पहाटेपर्यंत गायलो. बाहेर उणे बावीस.

गोदाकाठ

बापरे, राजकन्येला नदीत?? आता ते गाणं ऐकताना तीच डोळ्यासमोर येणार.

खर्जातला सा

आवाजाबद्दल लिहायलाच हवं. मी तीस वर्षं गाणं शिकवते आणि विद्यार्थिनींना जुडिथ मुद्दाम ऐकवते. सूर लागतो तो थेट मधोमध लागतो, खालून घसरत येत नाही. आधी स्वर सरळ उभा राहतो आणि अगदी शेवटी, सोडताना, जरासा हलतो. तेवढंच. आपल्याकडे म्हणतात ना, दाणेदार. प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. ती पियानो रीतसर शिकलेली आणि सीकर्समध्ये यायच्या आधी मेलबर्नमध्ये जॅझ गायची, त्यामुळे लय पक्की होती. त्या चित्रफितीत तिचे हात बघा. काही करत नाहीत. दोन लाख माणसांसमोर उभं राहून हाताचं काय करायचं हा प्रश्नच तिला पडलेला नाही. आणि तिघा पुरुषांचे आवाज तिच्याखाली असे बसलेत जसा जुळलेला तानपुरा.

टिटवी

तिला फुफ्फुसाचा आजार होता हे किती जणांना माहीत आहे? चौथ्या वर्षी गोवर झाला आणि त्यातून ब्राँकिएक्टेसिस जडला, तो जन्मभर राहिला. शेवटी ५ ऑगस्ट २०२२ ला गेली तीही त्यानेच.

माझ्या वडिलांना हाच आजार आहे. सांगलीला असतात. रोज सकाळी त्यांना पालथं झोपवून पाठीवर ओंजळीच्या थापट्या द्याव्या लागतात, कफ सुटेपर्यंत. वीस मिनिटं तरी. जिना चढले की अर्ध्यात थांबतात. म्हणून मला जुडिथचे लांब स्वर ऐकताना नेहमी वाटतं, ही एवढा दम आणते कुठून? मी थापट्या देताना मोबाइलवर सीकर्सच लावते. 'अ वर्ल्ड ऑफ अवर ओन'चा ठेका थापट्यांना बरोबर बसतो. बाबा म्हणतात, बाई गातेय तोवर थांबू नकोस.

शेवंती

टिटवी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. हे मला अजिबात माहीत नव्हतं.

खर्जातला सा

टिटवी, वाचून हात थांबले. काळजी घे, तुझीही. थापट्या देऊन मनगटं भरून येतात.

फलटणकर

शेवंतीताई, ते नाण्याचं आमच्याकडेही होतं. पण नाणं ठेवू नये, वजनाने रेकॉर्डच्या रेघा झिजतात. आमच्या बाबांचा प्लेअर माळ्यावरून काढलाय, मोटर फिरते, पिन गेलीय. आत काळ्या प्लॅस्टिकची कार्ट्रिज आहे, पिन ओढून काढता येते. पुण्यात कुठे मिळेल? कोणाला माहीत असल्यास सांगा. मुंबईत असतो तर आधी रिदम हाउस, ते रेकॉर्डचं दुकान, गाठलं असतं, पण तेही २०१६ ला बंद झालं.

गोदाकाठ

कुकर झाला. तर आमचा दादा. त्याच्याकडे रिदम हाउसमधूनच आणलेली सीकर्सची कॅसेट होती. तिथे आधी ऐकून बघायला मिळायचं म्हणे. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने जाऊन आला होता, डबा नेलेला, संध्याकाळी परत. कॅसेटची टेप गुंतली की तो पेन्सिल घालून इतक्या मायेने गुंडाळायचा की एवढी माया आम्हा बहिणींवर कधी केली नाही :) आता अमेरिकेत आहे. ही लिंक पाठवली तर उत्तरात नुसती शिट्टी रेकॉर्ड करून पाठवली.

बोरीचं झाड

'मॉर्निंगटाउन राइड' कुणीच लिहिलं नाही? पाचगणीला होस्टेलमध्ये होते. रात्री दिवे मालवले की आमच्या मेट्रन बाई व्हरांड्यातून फेऱ्या मारत हे गुणगुणायच्या. झोपेच्या गावाला जाणारी आगगाडी. मी पहिलीत. मला वाटायचं ही गाडी खरीच आहे आणि ती सकाळी वाईला थांबते, तिथे आई उभी असेल. वाईला रेल्वे नाही हे कळायला बरीच वर्षं गेली. माल्व्हिना रेनॉल्ड्सने लिहिलेलं आहे ते, सीकर्सनी १९६६ च्या ख्रिसमसला गाजवलं. माझ्या दोन्ही मुली यावरच झोपल्या.

पाटाचं पाणी

बोरीचं झाड, वाईला आई उभी असेल... पहिलीतल्या पोरीला होस्टेलला ठेवायचं म्हणजे.

बोरीचं झाड

आई आजारी असायची. काय करणार. मेट्रन बाई फार चांगल्या होत्या.

गिरणगाव

शेवंती, तुम्ही कुठल्या? गोदी म्हणजे शिवडीकडे की माझगाव? माझे मामा पण गोदीत होते.

शेवंती

माझगाव. राहायला लालबाग.

गिरणगाव

लालबाग!! मी काळाचौकीचा. मग तुमचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत येत असणार.

यारा काठ

मीही मेलबर्नकर. तो कार्यक्रम मूम्बा या इथल्या वार्षिक उत्सवातला, फुकट होता, तिकीट नव्हतं. रविवार होता, सोमवारी लेबर डेची सुट्टी. म्हणून इतकी माणसं आली असं कुणी म्हणतं, पण सुट्टी काय दरवर्षीच असते. पोरं आपली होती आणि जग जिंकून आली होती, म्हणून आली माणसं. १९६४ मध्ये हे चौघं फेअरस्काय नावाच्या बोटीवर गाण्याचं काम करत करत लंडनला पोचले होते. दहा आठवड्यांत परतायचं ठरलेलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक.

आमची आठवण नागरिकत्वाच्या दिवसाची. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ झाली, बायकोने नऊवारी नेसलेली, आणि शेवटी सगळ्यांनी 'आय अ‍ॅम ऑस्ट्रेलियन' म्हटलं. ते ब्रूस वुडलीने डोबी न्यूटनबरोबर १९८७ मध्ये लिहिलेलं, हाच तो गिटारवाला. शेजारी एक सुदानी म्हातारी होती, तिला शब्द येत नव्हते. तिने आमच्या हिचा हात धरला आणि चाल धरून गात राहिली. पासपोर्ट बदलल्याचं मनात जे काही सलत होतं ते तेव्हा जरा हलकं झालं. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, जेवलास का.

गोदाकाठ

आई त्या आईच.

सिलोनप्रेमी

कीथ पॉटगरचा जन्म कोलंबोचा, १९४१. लहानपणीच कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. आमच्या घरी रेडिओची सुई कायम सिलोनवर, त्यामुळे मला तो गाववालाच वाटत आलाय. बारा तारांची गिटार त्याची. चित्रफीत नीट ऐका, जुडिथ थांबते तिथे जो झणझणाट भरून येतो तो त्या बारा तारांचा.

टिटवी

सिडनी पॅरालिम्पिकचा समारोप पण बघा, २०००. जुडिथच्या खुब्याचं हाड मोडलेलं, व्हीलचेअरवर बसून 'कार्निव्हल' गायली. समोर सगळे खेळाडू, त्यातले कितीतरी व्हीलचेअरवर. आणि २०१३ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, लिहायला-वाचायला पुन्हा शिकली. मी बाबांना हे सगळं सांगत असते. मुद्दाम सांगते.

खर्जातला सा

फलटणकर, तुमच्या प्लेअरचा फोटो टाका. माझा भाऊ जुने ग्रामोफोन दुरुस्त करतो. कार्ट्रिजवरचा नंबर वाचता आला तर पिन बहुतेक मिळेल.

फलटणकर

टाकलाय. नंबर पुसट झालाय, भिंगातून बघून लिहिलाय. ताई, आभार.

शेवंती

सगळ्यांचं वाचलं, काही काही दोनदा. डोंबिवलीच्या ताईला फोन केला. रेकॉर्ड तिच्याकडेच आहे, कपाटात साड्यांच्या खाली. म्हणाली, कव्हर फाटलंय पण आत कागदात गुंडाळलेली आहे, आणि कागदात एक चार आण्याचं नाणं निघालं.

गिरणगाव

काय सांगता!

फलटणकर

पिन कुरिअरने आली. बसवली. दोन तास गेले, एक तार सुटली होती ती डाग देऊन जोडली. बाबांची सीकर्सची रेकॉर्ड लावली. दोन्ही बाजू सलग वाजल्या, कुठे अडकली नाही. बाबा आत झोपले होते, उठून बाहेर येऊन बसलेत. आता दुसऱ्यांदा लावलीय.