बिल्टीबुक बंद करावं का? आणि त्या ओटीपीचं काय करायचं?

कळंबोली_पत्रावाला:

नमस्कार मंडळी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमचं छोटं ट्रान्सपोर्ट आहे. घरच्या पाच गाड्या, बाकी मार्केटमधून उचलतो. वडिलांनी वाडीबंदरला सुरू केलं, बाजार इकडे आला तसे आम्हीही आलो. बारा वर्षं झाली, आता मीच बघतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मध्य प्रदेशात पीथमपूरला २५ टन पत्र्याची कॉइल, माल १४ लाखांचा. कसारा घाटात गाडीची क्लच प्लेट जळाली. ओढून इगतपुरीला आणली, घोटीची एक गाडी मिळाली, हायड्रा क्रेन लावून रात्री नऊपर्यंत माल तिच्यात चढवला. आता ई-वे बिलाच्या (माल रस्त्याने न्यायला जीएसटीच्या पोर्टलवर काढतो त्या बिलाच्या) पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नवीन गाडीचा नंबर टाकायचा, एवढंच काम. पासवर्ड टाकला तर ओटीपी गेला वडिलांच्या मोबाइलवर, कारण २०१८ ला नोंदणी केली तेव्हा त्यांचाच नंबर दिलेला. वडील देवळात भजनाला, फोन घरी चार्जिंगला, आईला चष्मा सापडेना. तिसऱ्या ओटीपीला जमलं. तोवर इकडे पुतण्याने घाईघाईत गाडी नंबर टाकला आणि शेवटी ४७ च्या जागी ७४ झाले.

धुळ्याच्या पुढे मध्यरात्री गाडी तपासणीला थांबवली. बिलात एक नंबर, पाटीवर दुसरा. साहेबांनी जीएसटी कायद्याचं कलम १२९, म्हणजे माल-गाडी अडवून दंड घ्यायचं कलम, काढलं आणि ड्रायव्हरसमोरच हिशेब मांडला: १८ टक्क्यांनी कर २ लाख ५२ हजार, त्याच्या दुप्पट दंड ५ लाख ४ हजार. ड्रायव्हर मला फोनवर म्हणतो, "शेठ, आकडा दाखवतायत, पण किती शून्यं आहेत ते अंधारात दिसेना."

वीस तास गाडी उभी. शेवटी १००० रुपये दंड भरून सुटली, पावतीही मिळाली. पाच लाखांचे एक हजार कुठल्या नियमाने झाले ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारायच्या अवस्थेत नव्हतो. घोटीवाल्याने हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, लावले ते वेगळंच.

सगळ्यात झोंबणारी गोष्ट ही, की ड्रायव्हरच्या खिशातल्या बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या आमच्या पावतीवर, त्याने पेनाने खरा नंबर लिहून घेतला होता. कागद बरोबर, कॉम्प्युटर चूक. वडील दोन वेळच्या जेवणाला हेच ऐकवतात.

तर विचारायचं असं: चार रंगांच्या कार्बन प्रतींची बिल्टीबुकं आता बंद करता येतील का? गाडीत छापील काय असलंच पाहिजे? आणि ओटीपीवर कोणी काही तोड काढली आहे का?


जमाखर्च_डोंबिवली:

दादा, मी जीएसटीचीच कामं करते, त्यामुळे आधी ते १००० रुपये. १४ सप्टेंबर २०१८ चं सर्क्युलर आहे, नंबर ६४/३८/२०१८. गाडी नंबरात एक-दोन अक्षरं किंवा आकडे चुकले, पिनकोड चुकला पण पत्ता बरोबर आहे, अशा किरकोळ चुकांना कलम १२९ लावायचं नाही. दंड सीजीएसटीचे ५०० आणि राज्याचे ५००, किंवा परराज्यातला व्यवहार असेल तर आयजीएसटीचे १०००. तुमचा माल मध्य प्रदेशात चालला होता म्हणून १०००. ते सर्क्युलर छापून प्रत्येक गाडीच्या कप्प्यात ठेवा. कागद कमी करायला निघालात आणि मी एक वाढवून देतेय, पण हा ठेवाच.

मात्र गैरसमज नको. आकडे उलटसुलट झाले म्हणून हे लागू झालं. पार्ट बी बदललाच नसता आणि बिलात जुन्या, क्लच जळालेल्या गाडीचा नंबर राहिला असता, तर ती गाडीच वेगळी. तिथे हे सर्क्युलर उपयोगी पडत नाही. म्हणजे पुतण्याने चुकीचा का होईना, नंबर टाकला म्हणून वाचलात. त्याला फार बोलू नका.

गाडीत काय हवं ते जीएसटीच्या नियम १३८ए मध्ये आहे. ई-वे बिल छापील हवंच असं नाही, नुसता नंबर मोबाइलवर दाखवला तरी चालतो. इनव्हॉइसचं मात्र बघावं लागतं. माल पाठवणाऱ्या पार्टीची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तिला ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे, आणि त्याचा क्यूआर कोड मोबाइलवर दाखवला की छापील प्रत मागता येत नाही. छोटी पार्टी असेल तर इनव्हॉइसचा कागद गाडीत पाहिजे. लोखंड बाजारात दोन्ही तऱ्हेच्या पार्ट्या असणार, म्हणून ड्रायव्हरला "कागदाची गरज नाही" असं सरसकट सांगू नका.

आता ओटीपी. १ एप्रिल २०२५ पासून हा सगळ्यांना आहे, सुटका नाही. पण वडिलांच्या लॉगिनवर सगळी दुनिया कशाला चालवताय? सब-युजर, म्हणजे त्याच खात्यात वेगळी लॉगिन, तयार करा. पुतण्याला एक, तुम्हाला एक. ज्याचं लॉगिन त्याच्याच मोबाइलवर ओटीपी जातो. शिवाय एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचं ॲप आहे, त्यात नेट नसतानाही ओटीपी दिसतो. घाटात रेंज जाते तेव्हा कामाला येतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि तुम्ही ते २०१८ पासून लांबवलंय.

जाता जाता: गाडी बिघडली, वेळ गेला, तर ई-वे बिलाच्या मुदतीकडेही लक्ष ठेवा. २०० किलोमीटरला एक दिवस हा हिशेब १ जानेवारी २०२१ पासूनचा आहे, आधी १०० होते. संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच मुदत वाढवून मिळते.


मुलुंड_चेकनाका:

ओटीपीला शिव्या देणाऱ्यांनी जकातीचे दिवस आठवावेत. ३० जून २०१७ पर्यंत मुलुंडला रांगेत मी इतक्या रात्री काढल्यात की तिथला चहावाला माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता.

मुदतीवरून एक किस्सा. तेलंगणात एका कागद व्यापाऱ्याची गाडी मोर्च्यामुळे अडकली, तेवढ्यात ई-वे बिल संपलं, खात्याने माल धरला. व्यापारी कोर्टात गेला. हायकोर्टाने खात्यालाच १० हजार खर्च द्यायला लावला, आणि खातं सुप्रीम कोर्टात गेलं तर जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी वर आणखी ५९ हजार चढवले. पण त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत दम टिकायला हवा. आपण पाच गाड्यावाले हजार रुपये भरून मोकळे होतो.


स्टेअरिंगवरून:

शेठ, मी ड्रायव्हर आहे, नाशिक-इंदूर लाइन. तुम्ही हापिसात बसून म्हणता मोबाइलवर दाखव. आमच्याकडं काय होतं ते सांगतो. पीडीएफ व्हॉट्सॲपवर येती, ती डाऊनलोड करायची राहती, पुढं रेंज गेली की नुसतं धुरकट चौकोन दिसतंय. काच फुटलेल्या मोबाइलवर क्यूआर स्कॅन होईना. एकदा पावसात साहेबानं मोबाइल हातात घेऊन तोच पुसत बसला, तेवढ्यात घरचा फोन आला आणि बायकोशी तोच बोलला.

आरटीओचं मात्र सोपं झालंय, हे खरं सांगतो. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी सगळं एमपरिवहन नाहीतर डिजिलॉकरमध्ये असतं. आमच्या मालकानं फाइलच घरी ठेवली. ओरिजिनल दाखव म्हणाले तर सांगायचं, साहेब, तुमच्या मशिनवर नंबर टाका. फक्त नुसता फोटो काढून ठेवू नका, फोटो चालत नाही, ॲपमधूनच उघडायचं.

आणि एक. माल दुसऱ्या गाडीत टाकला की नंबर फोनवर सांगायचा नाही. पाटीचा फोटो काढून पाठवायचा. सत्तेचाळीस आणि चौऱ्याहत्तर तोंडी सांगताना कोण पण चुकतंय.


जमाखर्च_डोंबिवली:

स्टेअरिंग दादांचं आरटीओबद्दलचं बरोबर आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांतच आलंय की ऑनलाइन पडताळता येणारं कागदपत्र छापील स्वरूपात मागायचं नाही. आणि पाटीचा फोटो, हे माझ्या सर्क्युलरपेक्षा मोलाचं.


अँटवर्पला_स्थायिक:

मूळचा पनवेलचा, सध्या बेल्जियममध्ये एका मालवाहतूक कंपनीत डिस्पॅचला. तुम्हाला वाटत असेल युरोपात सगळं मोबाइलवर असेल, तर गंमत सांगतो. आमचे पोलिश ड्रायव्हर आजही सीएमआर नावाची कागदी बिल्टी घेऊन फिरतात, कार्बन प्रतींसकट. इलेक्ट्रॉनिक बिल्टीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ चा आहे, तरीही.

आता युरोपियन युनियनचा २०२० चा ईएफटीआय कायदा लागू होतोय. ९ जुलै २०२७ पासून सगळ्या सदस्य देशांच्या यंत्रणांना मालाची माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिली तर ती स्वीकारावीच लागेल. कंपनीची माहिती प्रमाणित प्लॅटफॉर्मवर राहते, ड्रायव्हर एक लिंक किंवा क्यूआर दाखवतो, तपासणारा आपल्याला अधिकार आहे तेवढंच वाचतो. कंपन्यांवर सक्ती नाही. कागदावर चालायचं असेल तर चला. म्हणजे सक्ती अधिकाऱ्यावर, मुभा धंदेवाल्याला. आपल्याकडे नेमकं उलटं झालं: १ एप्रिल २०१८ ला सक्ती धंदेवाल्यावर आली आणि समोरचा मोबाइल बघणार की कागद मागणार हे नाक्यावर गेल्यावर कळतं. तरी वेगाने कोण पुढे गेलं म्हणाल तर तुम्हीच. इथे अजून तयारी चालू आहे.


कळंबोली_पत्रावाला:

सगळ्यांचे आभार. ताई, पुतण्याला तुमचा निरोप दिला. कॉलर ताठ करून फिरतोय.

पण आता खरं दुखणं सांगतो. सरकारला कागद नकोय, हे पटलं. माझ्या टेबलावरचा ढीग सरकारचा नाहीच, तो पोचेचा आहे. माल उतरला की बिल्टीच्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायचा, ती प्रत ड्रायव्हरने परत आणायची, मी ती बिलाला टाचून पार्टीकडे द्यायची, तेव्हा बाकी भाडं निघतं. पोच हरवली की पैसे लटकले. ड्रायव्हर परतीचं भाडं घेऊन तिकडूनच अहमदाबादला जातो आणि माझी पोच महिनाभर त्याच्या डॅशबोर्डवर ऊन खात बसते. शिक्का इतका पुसट की आम्ही खिडकीच्या काचेला लावून वाचतो. ह्याला ई-वे बिलाचा काय उपयोग?


जमाखर्च_डोंबिवली:

काहीच नाही, आणि म्हणूनच बिल्टी बंद करू नका. ती सरकारसाठी कधीच नव्हती. माल किती आणि कुठल्या स्थितीत ताब्यात घेतला याचा पुरावा म्हणजे बिल्टी. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात ती द्यावीच लागते. नुकसानीचा दावा करायचा तर पार्टीने ट्रान्सपोर्टवाल्याला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते, ते दिवसही तिच्यावरच्या तारखेपासून मोजतात. शिवाय जीएसटीत जो बिल्टी देतो तोच ट्रान्सपोर्ट एजन्सी ठरतो.

बंद करायचा तो कार्बन. बिल्टी कॉम्प्युटरवर काढा, गाडी नंबर तिथून उचलून तसाच पार्ट बी मध्ये जाऊ द्या, दोनदा टायपिंग नको. पोचेसाठी माल उतरताच फोटो मागवा आणि मोठ्या दोन-तीन पार्ट्यांकडून लेखी घ्या की फोटोवर ८० टक्के सोडतील, उरलेले कागद हातात आल्यावर. माझ्या दोन क्लायंटनी असं करून घेतलंय. ज्या पार्ट्या नाही म्हणतात त्यांना पैसे उशिराच द्यायचे असतात. पोच हे निमित्त असतं.


कळंबोली_पत्रावाला:

पंधरा दिवसांनी लिहितोय. सब-युजर केले, शील्ड ॲप तिघांच्या मोबाइलवर आहे. पाटीचा फोटो आल्याशिवाय पार्ट बी भरायचा नाही असं ऑफिसच्या भिंतीवर लिहून लावलंय. वडिलांना विचारून कॉम्प्युटरची बिल्टी सुरू केली, ए-फोरवर, तीन प्रती, सगळ्या पांढऱ्या.

एका मोठ्या पार्टीने फोटोवर ७० टक्के कबूल केले. दुसरीकडे काल पहिलं बिल घेऊन गेलो. शिक्का स्वच्छ, सही स्वच्छ, फोटो आधीच मेल केलेला. अकाउंटंट काकांनी कागद उलटून पालटून बघितला आणि म्हणाले, "हे ठीक आहे, पण ह्यात पिवळी कॉपी कुठाय? आमच्याकडे पिवळीवरच पास होतं."

येताना पिवळ्या कागदाचं एक रीम घेऊन आलो. प्रिंटरमध्ये चालतंय.