मदत हवी आहे: घरच्या फणसाच्या फळ्यांची जमीन करावी का?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. परड्यातला आजोबांच्या हातचा फणस दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात पडला. जळणाला द्यायला जीव होईना, म्हणून वखारीतून सवा इंची फळ्या कापून आणल्या, टोकांना रंग फासला आणि मधे पट्ट्या घालून गोठ्याच्या माळ्यावर रचल्या. परवा एका फळीवर रंधा मारला, तर आत हळदीसारखा पिवळाधमक गाभा! आई कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत होती.

माडीवरच्या खोलीत खाली हेच लाकूड घालायचंय, उरलं तर जिन्याच्या पायऱ्या. मीटरवर ओल १५ टक्के दाखवते. आपल्याकडे जुलैत मिठाला पाणी सुटतं आणि मार्चमध्ये दारं आक्रसतात, म्हणून धाकधूक आहे. फळ्या ८ इंच रुंद आहेत. तशाच घातल्या तर पन्हळतील ना? चिरून ४ इंची कराव्यात का, आणि भिंतीकडेला किती फट सोडावी? सुतारमामा म्हणतात, वरून खिळे ठोकू. मला खाच पाडून आतून स्क्रू मारावेसे वाटतात, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहील.

सगळ्यात मोठी काळजी किडीची. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला टाचणीएवढी भोकं पडलीत, खाली पिठासारखा भुसा सांडतो. गाभा शाबूत आहे. पांढरा भाग काढून टाकला की पुरे, की बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणीही मारायलाच हवं?

कुणाच्या घरात फणसाच्या फळ्यांवर रोजचा वावर असेल, तर कृपया फोटोसह सांगा.