दिवेलागणीच्या वेळचे घर : रोजच्या उपासनेतले लहान आनंद (अनुभव धागा)

श्रद्धेविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुधा यात्रांविषयी, उत्सवांविषयी किंवा आयुष्य पालटून टाकणाऱ्या प्रसंगांविषयी असते. रोज संध्याकाळी घरातली चार माणसे हातातली कामे बाजूला ठेवून थोडा वेळ एकत्र बसतात, त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही घडले असे आपल्याला वाटतच नाही. मी घरीच बसून लेखन करते, त्यामुळे घराचा दिवस कसा जातो हे मला जवळून दिसते, आणि कृतज्ञ व्हावे असे जे काही आमच्या वाट्याला आले आहे त्यातले बरेचसे या थोड्या वेळात सापडते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आमच्याकडे सातच्या सुमाराला मी लिहिणे थांबवते. वाक्य अर्धे असले तरी थांबवते, कारण त्याच वेळी माझे सासरे देवापाशी बसून वाती वळत असतात. त्यांच्या बोटांना कंप आहे. वात ते वळतात, तुपात भिजवून निरांजनात मी ठेवते आणि काडी ओढण्याचा मान माझ्या मुलीचा असतो. एकेकाळी हे सगळे ते एकटेच करत. आता ते काम तिघांत वाटले गेले आहे, आणि या वाटणीबद्दल मी देवाचे रोज आभार मानते.

आपापल्या घरातले असे अनुभव इथे लिहावेत, ही विनंती. मोठ्या कृपाप्रसादांची यादी नको. एखादा आवाज, एखादी ठरलेली जागा, उच्चार सुधारून देणारे एखादे माणूस, एवढेही पुरे. घर कोणत्याही धर्माचे, पंथाचे असो. ज्यांची श्रद्धा नाही, पण ज्यांच्या घरात ती आहे, त्यांनीही जरूर लिहावे.

परभणी जिल्ह्यातून, शेतकरी घरातला धाकटा मुलगा

आमचे घर माळकरी आहे. एकादशीचा उपवास, मद्यमांस वर्ज्य आणि पंढरीची वारी हे नियम आम्हां भावंडांना कोणी बसवून शिकवले नाहीत. ते घरात होतेच. रोजचा नेम हरिपाठाचा. धारा काढून झाल्या की ओसरीवर बसून ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग म्हणायचे. पेटी नाही, मृदंग नाही. वडिलांच्या हातात टाळ आणि बाकीच्यांच्या टाळ्या. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत सगळे इतके दमलेले असत की निम्मी मंडळी भिंतीला टेकून डोळे मिटून म्हणत, तरी चाल सुटत नसे.

पुढे वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि तिच्याबरोबर बोलणेही गेले. समोरच्याचे त्यांना बऱ्यापैकी कळत असे, पण पाणी हवे असले तर तो साधा शब्दसुद्धा ओठांवर येत नसे आणि ते हताश होऊन भिंतीकडे मान फिरवत. दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही ओसरी सोडून त्यांच्या खाटेभोवती बसू लागलो. आईने पहिला अभंग उचलला. पुढच्या अभंगाचे ध्रुपद आले तेव्हा वडिलांचा आवाज आमच्यात मिसळला. जिभेवर थोडा जडपणा होता, पण शब्द पूर्ण होते आणि क्रमाने येत होते. थोरला भाऊ म्हणता म्हणता थांबला, तेव्हा आईने हाताने खूण करून त्याला पुढे चालू ठेवायला लावले, कारण आपण थांबलो तर तेही थांबतील, अशी तिला भीती वाटली.

नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी आम्हांला नीट समजावून सांगितले. नवे वाक्य जुळवण्याचे काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालते आणि तिथे इजा झाली की वाचाघात होतो. पण पाठ असलेली प्रार्थना, गाणे, क्रमाने म्हटलेले आकडे असे वर्षानुवर्षे जिभेवर बसलेले बोलणे पुष्कळ रुग्णांमध्ये शाबूत राहते. वाचाउपचार करणाऱ्या ताईंनी मग चालीचाच आधार घेतला. हरिपाठाच्या सुरात एकेक कामाचा शब्द त्या म्हणवून घेत आणि डाव्या हाताने ताल धरायला लावत. हा उपचार जगभर वापरात आहे, असे त्यांनी सांगितले. आमच्यापुरते सांगायचे तर जन्मभराचा नेम माणसाच्या अशा उपयोगी पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आता वडील पाणी मागतात, पण ते किंचित सुरात मागतात, आणि त्यांची नात त्याच सुरात "आणते आबा" असे उत्तर देते. घरात दिवसातून कितीतरी वेळा हा संवाद होतो. मी शेतातून आलो आणि तो कानावर पडला की पायरीवर क्षणभर थांबतो.

पुण्याहून, परिचारिका

माझी दुपारपाळी असते तेव्हा दिवेलागण वॉर्डातच होते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी अहो आई म्हणते, साताऱ्याजवळच्या गावी असतात. सुटीची दहा मिनिटे मिळाली की मी कपडे बदलण्याच्या खोलीतून त्यांना फोन लावते आणि आम्ही दोघी रामरक्षा म्हणतो, एक श्लोक त्यांचा, एक माझा. बुधकौशिक ऋषींची ही रचना ३८ श्लोकांची आहे, आणि सुरुवातीच्या भागात जे कवच येते, ज्यात मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण मागितले आहे, ते म्हणताना मला त्या त्या दिवसाचे रुग्ण आठवतात: कोणाचे गुडघे, कोणाचे हृदय, कोणाचे डोळे. पाठांतर लहानपणीचे आहे, पण त्यातले मागणे मला या नोकरीत उमगले.

बऱ्याचदा मध्येच बोलावणे येते. स्तोत्र अर्धे टाकू नये, असे आमच्याकडे मानतात, म्हणून सुरुवातीला मला फार अपराधी वाटे. त्यावर अहो आई म्हणाल्या, "तू जा. तू तिकडे जे करायला चालली आहेस, तेही रक्षणच आहे. उरलेले श्लोक मी म्हणते." त्या खरोखर म्हणतात, माझ्या वाटचेही. रात्री वसतिगृहावर पोहोचले की त्यांचा एवढाच निरोप आलेला असतो: पूर्ण झाली.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूशी मैत्री होईल अशी माझी अपेक्षा नव्हती. ती झाली, आणि या फोनवरून झाली.

नागपूरहून, महाविद्यालयात शिकवणारी नात

आमच्या बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावून आम्ही त्रिशरण आणि पंचशील म्हणतो. वंदनेत आम्ही काही मागत नाही. पंचशील हा आपला आपल्याशी केलेला निश्चय असतो. कृतज्ञता मात्र आमच्या घरात भरपूर आहे आणि ती माणसांविषयी आहे. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होते. आमच्या पिढीचे शिक्षण तिथून सुरू झाले, असे वडील सांगतात, आणि ते मला अक्षरशः खरे वाटते.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या तीन महिन्यांत पुष्कळ विहारांत आणि घरांत बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आमच्याकडे ते घरी होते आणि आळीपाळीने होते. आजीला लग्नाच्या वेळी अक्षरओळख नव्हती. हा ग्रंथ आपल्या डोळ्यांनी वाचायचा, एवढ्यासाठी ती उतारवयात नातवंडांच्या पाटीवर शिकली. तिची पाळी आली की ती एकच परिच्छेद वाचते. ओळीखाली बोट ठेवते, जोडाक्षर आले की बोट तिथे थांबते, ओठ आधी नुसते हलतात आणि मग शब्द मोठ्याने येतो. तिने स्वतः विचारल्याशिवाय कोणी शब्द सांगायचा नाही, हा नियम तिचा आहे. माझा दहावीतला भाऊ, जो एरवी क्षणभर जागेवर ठरत नाही, तो या परिच्छेदाच्या वेळी हलतसुद्धा नाही. मला पदव्या मिळाल्या, शिकवण्याचे कामही मिळाले, पण वाचन म्हणजे काय याची आठवण मला दरवर्षी तिच्या त्या बोटामुळे होते.

धागाकर्तीकडून

वरचा अनुभव वाचून मी तो घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. काही जणांनी मला वेगळे विचारले आहे की आमच्या घरात ठरलेला नेम नाही, तर आम्ही लिहावे का. अवश्य लिहावे. नेम नसलेल्या घरातही एखादी वेळ अशी असतेच.

अहिल्यानगरहून, निवृत्त शिक्षक

आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात रात्रीच्या जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते. शास्त्रपाठ, एक गीत आणि मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत केलेली प्रार्थना, असा क्रम आहे. गीत बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे असते. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपल्या संतपरंपरेच्या भाषेत प्रभूची गीते लिहिली, त्यामुळे माझ्या आईला देवाशी बोलण्यासाठी परकी भाषा कधी लागली नाही, याचे मला मोठे समाधान वाटते. ती चुलीपाशी भाकरी थापताना हीच गीते गात असे.

आता प्रार्थना माझी धाकटी नात संपवते. ती आभार मानताना नावे घेते, आणि यादी दर आठवड्याला वाढते: घरातले सगळे, बालवाडीच्या बाई, रिक्षावाले काका, शेजारची शेळी. शेळी आजारी होती तोवर तिच्यासाठी विनंती होत असे. ती बरी झाल्यावर नात तिचे नाव विनंतीतून काढून आभारात घालायला विसरली नाही. आम्ही मोठी माणसे मागितलेले मिळाल्यावर इतकी काटेकोर असतो का, असा प्रश्न मला त्या रात्री पडला.

रत्नागिरी जिल्ह्यातून

मगरिबच्या नमाजची वेळ थोडी असते, सूर्यास्तापासून पश्चिमेची लाली जाईपर्यंतच. घरातले पुरुष मशिदीत जातात. घरी आजी आणि मी शेजारी शेजारी असतो. गुडघ्यांमुळे ती आता खुर्चीवर बसून नमाज पढते. सलाम फिरवल्यावर ती दुआ मागते ती आमच्या घरच्या बोलीत, जहाजांवर आणि आखातात नोकरीला असलेल्या माणसांची नावे घेत. माझ्या मोठ्या भावाचे नाव ती सगळ्यांत शेवटी घेते, कारण त्याच्यापाशी तिला जास्त वेळ थांबायचे असते.

नाशिकहून, दोन लहान मुलांची आई

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि संध्याकाळी घरात सगळे एकत्र असतात ती वेळ फक्त जेवणाची. त्यामुळे आमच्याकडे उरले आहे ते एवढेच: ताटे वाढून झाल्यावर सर्वांनी मिळून 'वदनी कवळ घेता' म्हणायचे. मुले ते भरधाव म्हणतात, कारण भूक लागलेली असते. तरी त्या वेळात चौघांचे हात मांडीवर असतात आणि कोणाच्याही हातात फोन नसतो. मला इतके पुरते.

ठाण्याहून, अभियंता

माझी देवावर श्रद्धा नाही, आणि हे आईला माझ्या महाविद्यालयाच्या काळापासून माहीत आहे. आमच्यात त्यावरून पूर्वी वाद होत. काचबिंदूमुळे तिची दृष्टी कमी होत गेली, तेव्हा तिने डोळ्यांविषयी एकदाही तक्रार केली नाही. फक्त एवढेच म्हणाली की आता ज्ञानेश्वरी राहिली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी तिच्या खुर्चीशेजारी बसलो आणि वाचायला सुरुवात केली.

या ग्रंथाविषयी मला शाळेत शिकवले तेवढेच माहीत होते: शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, नेवासे, आणि सच्चिदानंदबाबा लेखक झाले. सुमारे ९,००० ओव्या मोठ्याने वाचणे ही निराळी गोष्ट आहे. जुन्या मराठीचे वळण माझ्या जिभेला नव्हते. आईला पुष्कळ भाग पाठ आहे, त्यामुळे माझा उच्चार चुकला की ती मला न अडवता तोच शब्द हलकेच बरोबर म्हणते, आणि मी पुढे जातो. अर्थ मीच विचारतो. ती सांगते, आणि कधी कधी सांगता सांगता स्वतःच्या माहेरच्या गोष्टींत शिरते, ज्या मी या वयापर्यंत ऐकल्या नव्हत्या.

माझे विचार बदललेले नाहीत, आणि ते बदलावेत असा तिचा आग्रहही नाही. ज्या माणसावर माझे सर्वांत जास्त प्रेम आहे, त्याला जन्मभर कशाने धीर दिला हे मला आता ओवीगणिक कळते आहे. हे कळायला मिळाले याबद्दल मी कृतज्ञ आहे. कोणाविषयी, हे मला सांगता येणार नाही, पण त्यामुळे ती कृतज्ञता कमी होत नाही.

सध्या तेरावा अध्याय चालू आहे. त्यात ज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानेश्वर अहिंसेपाशी फार वेळ रेंगाळतात. अहिंसक माणूस पाऊल कसे टाकतो, बोलतो कसा, पाहतो कसा, हात कसे वापरतो, इथपर्यंत ते सांगतात. चालण्याचा भाग झाल्यावर आईने मला थांबवले आणि म्हणाली, "तुझे आजोबा असेच चालायचे." आजोबांना मी पाहिलेले नाही. ते अंगणातून कसे जात, चप्पल कुठे काढत, मुंग्यांची रांग दिसली की काय करत, हे ती मग बराच वेळ सांगत राहिली आणि त्या दिवशीचे वाचन तिथेच थांबले. उरलेल्या ओव्या उद्या घेणार आहोत. त्या ऐकायला तिने मावशीलाही बोलावले आहे.